यीस्टचे बीजाणू धरत नाहीत तेव्हा आधी कोणते माध्यम तपासावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी बेकरीतले यीस्ट वायपीडी या ग्लुकोज असलेल्या नेहमीच्या वाढीच्या अगारवर वाढवले. दोन दिवसांनी तिथूनच लूपने उचलून १ टक्का पोटॅशियम ॲसिटेटच्या अगारवर पसरले आणि ३० अंश सेल्सिअसला पाच दिवस ठेवले. सूक्ष्मदर्शकाखाली जवळपास सगळ्या पेशी साध्याच दिसतात, कुठेतरी एखादी शंकास्पद. आता ॲसिटेट २ टक्के करावे का, थोडे ग्लुकोज घालावे का, की माध्यमच बदलावे?

ॲसिटेटच्या टक्क्यांना अजून हात लावू नका. बीजाणू धरणार की नाही याचा बराचसा निकाल पेशी ॲसिटेटवर जाण्याआधीच, मागच्या माध्यमात लागलेला असतो. विद्यार्थी सगळे लक्ष बीजाणू माध्यमावर देतात आणि त्याआधीची वाढ ‘नेहमीप्रमाणे वायपीडीवर’ उरकतात. माझ्या पाहण्यात निम्म्याहून अधिक अडचणी तिथेच असतात. म्हणून आधी पेशी हा निर्णय कशी घेते ते सांगतो. ते कळले की कुठल्या घटकाने काय होते हे पाठ करावे लागत नाही.

सॅकरोमायसिस सेरेव्हिसीची, म्हणजे बेकरी यीस्टची, द्विगुणित (गुणसूत्रांचे दोन संच असलेली) पेशी बीजाणू बनवते तेव्हा ती अर्धगुणसूत्री विभाजन करते आणि तयार झालेली चार केंद्रके चार जाड भिंतींत बंद करते. ही चार बीजाणूंची पिशवी म्हणजे ॲस्कस. विभाजनाची ही वाट उघडण्याची मुख्य कळ म्हणजे आयएमई१ नावाचे जनुक. यीस्टच्या बहुतेक जनुकांचा प्रवर्तक भाग, म्हणजे जनुक चालू-बंद करणारा डीएनएचा तुकडा, काहीशे बेसचा असतो, आयएमई१चा मात्र दोन हजारांहून लांब आहे. इतकी जागा लागते कारण बाहेरचे अनेक निरोप तिथे एकत्र येतात आणि त्यांतला प्रत्येक निरोप अनुकूल असावा लागतो. पेशीत दोन्ही लिंगप्रकारांची, म्हणजे ‘ए’ आणि ‘अल्फा’ची, जनुके हवीत. ती दोन्ही असली तरच आरएमई१ हे अडसर घालणारे जनुक गप्प बसते. ग्लुकोज नको, नायट्रोजनचा सहज मिळणारा साठा नको, आणि श्वसन चालू हवे. श्वसन चालू राहण्यासाठी किण्वन न होणारा कार्बन लागतो, म्हणून ॲसिटेट.

यात ‘नको’ची यादी ‘हवे’च्या यादीपेक्षा लांब आहे. पण काहीच नसलेल्या पाण्यातही बीजाणू नीट धरत नाहीत. पेशीला एक मोठे बांधकाम करायचे असते, तेही बाहेरून नायट्रोजन न घेता. ती आपलीच जुनी प्रथिने रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या आणि मोडतोडीच्या पिशवीत, मोडते आणि त्यांतून सुटलेल्या अमिनो आम्लांतून नवी प्रथिने घडवते. रिक्तिकेतले हे मोडणारे विकर ज्या उत्परिवर्तकांत नाहीत, त्यांत बीजाणू होतच नाहीत. भिंतीसाठी लागणारी साखर ती ॲसिटेटपासून उलट्या वाटेने, ग्लायऑक्सिलेट चक्रातून, बनवते. शिवाय आधीच्या वाढीत साठवलेले ग्लायकोजेन आणि ट्रेहॅलोज ही तिची शिदोरी. शिदोरी बांधून न देता पेशीला ॲसिटेटवर पाठवले तर ती वाटेतच थांबते.

आता तुमच्या वायपीडीकडे येऊ. त्यात १ टक्का यीस्ट एक्स्ट्रॅक्ट, २ टक्के पेप्टोन आणि २ टक्के ग्लुकोज असते. इतक्या ग्लुकोजवर वाढताना सेरेव्हिसी हवा भरपूर असली तरी किण्वनच करते. ग्लुकोजमुळे पेशीत सायक्लिक एएमपी या निरोप्या रेणूची पातळी वर राहते, त्यामुळे प्रोटीन कायनेज ए हे विकर जागे राहते आणि आयएमई१ दाबलेले राहते. श्वसनाची जनुकेही दबलेली असतात, तंतुकणिका (पेशीतले श्वसन करणारे भाग) अर्धवट असतात. अशा पेशी उचलून एकदम ॲसिटेटवर टाकल्या तर त्यांना ॲसिटेट वापरताच येत नाही. श्वसनाची यंत्रणा उभारायला प्रथिने लागतात, त्यांना नायट्रोजन लागतो, आणि तो तुम्ही नेमका त्याच क्षणी काढून घेतलेला असतो. दोन दिवस जुन्या प्लेटवर परिस्थिती थोडी बरी असते, कारण ग्लुकोज संपल्यावर पेशी स्वतःच तयार केलेल्या इथेनॉलवर वळलेल्या असतात. पण वसाहतीत वरच्या पेशी एका अवस्थेत आणि खालच्या दुसऱ्या अवस्थेत असतात, त्यामुळे लूपवर काय आले याचा भरवसा नाही.

म्हणून मध्ये एक पायरी घाला, बीजाणूपूर्व वाढीची. वायपीडीतले ग्लुकोज काढून १ टक्का पोटॅशियम ॲसिटेट घातले की झाले वायपीए. यात नायट्रोजन भरपूर असतो, म्हणून पेशी वाढत राहते. कार्बन मात्र श्वसनानेच वापरता येण्याजोगा असल्यामुळे तंतुकणिका पूर्ण तयार होतात. रात्रभर वाढलेल्या वायपीडी द्रवातून थोडे यीस्ट वायपीएत घ्या, ६०० नॅनोमीटरला शोषणांक ०.२च्या आसपास ठेवून सुरुवात करा आणि बारा-चौदा तास ३० अंशांना जोरात हलवत वाढवा. पेशी अजून वाढीच्या जोरात असताना, पण वाढ मंदावायच्या बेतात आलेली असताना काढायच्या. फार लवकर काढल्या तर साठा कमी पडतो, फार उशिरा काढल्या तर काही प्रजातींत (म्हणजे सेरेव्हिसीच्याच वेगवेगळ्या वाणांत) त्याच फ्लास्कमध्ये बीजाणू धरायला सुरुवात होते. एसके१ ही प्रयोगशाळेतली प्रजाती तर वायपीएत जास्त वेळ राहिली की हमखास तसे करते.

ही पायरी काही अलीकडच्या जनुकशास्त्राने शोधलेली नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये एंगेल यांनी ओलसर प्लास्टर ऑफ पॅरिसच्या ठोकळ्यांवर यीस्टचे बीजाणू मिळवले. पुढे कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सेन यांनी ती पद्धत पक्की केली. ठोकळ्यात खाद्य नव्हतेच, होता फक्त ओलावा आणि भरपूर हवा. पण ठोकळ्यावर जाणाऱ्या पेशी तरुण, ताज्या माल्टरसावर नुकत्याच जोमाने वाढलेल्या असाव्यात, हा हान्सेन यांचा आग्रह होता. बीजाणू किती वेळात दिसतात यावरून ते बियरच्या कारखान्यातले पाळीव यीस्ट आणि शिरलेले रानटी यीस्ट वेगळे ओळखत. रानटी यीस्ट लवकर धरत असे. ॲसिटेट खूप नंतर आले. फोवेल यांनी सोडियम ॲसिटेट अगारची शिफारस केली ती १९५२ साली. पुढे सोडियमऐवजी पोटॅशियम वापरणे रूढ झाले.

वायपीएतून काढल्यावर धुणे. हे कंटाळवाणे काम आहे आणि म्हणूनच अर्धे राहते. सेंट्रिफ्यूज करून निर्जंतुक पाण्यात दोनदा धुवा, आणि प्रत्येक वेळी वरचे पाणी पूर्ण ओतून टाका. नळीच्या तळाशी राहिलेल्या थोड्याशा वायपीएमधूनही पेप्टोन आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट पुढच्या माध्यमात जातात. अमोनियम आणि सहज वापरता येणारी अमिनो आम्ले टॉर मार्गाने (पेशीला पोषण असल्याचा निरोप देणाऱ्या साखळीने) आयएमई१ दाबतात. एखाद्या कृतीत नायट्रोजनसाठी अमोनियम सल्फेट असेल, तर ते बीजाणूपूर्व माध्यमापुरते ठीक आहे. बीजाणू माध्यमात त्याला जागा नाही.

पण इथे एक गुंता आहे. काही घन माध्यमांत ०.१ टक्का यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि ०.०५ टक्के ग्लुकोज मुद्दाम घातलेले असते. एकीकडे नायट्रोजन आणि ग्लुकोज नको म्हणायचे आणि दुसरीकडे तेच घालायचे, हे विसंगत वाटेल. प्रमाण बघा. प्लेटवर थेट वाढलेल्या, एका अवस्थेत नसलेल्या पेशींना एक-दोन विभाजने पुरी करून तयार होण्यापुरतेच हे खाद्य आहे. ते काही तासांत संपते आणि मगच उपासमार सुरू होते. म्हणजे ही बीजाणूपूर्व वाढ त्याच प्लेटमध्ये उरकण्याची युक्ती आहे. द्रव पद्धतीत पेशी आधीच तयार असतात, तिथे त्याची गरज नाही. फार तर ०.०२ टक्के रॅफिनोज घालतात, कारण ती साखर ग्लुकोजइतका दाब आणत नाही. तुमच्या ‘थोडे ग्लुकोज घालू का’ या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. प्लेटवर ०.०५ टक्के चालेल. पण ०.५ टक्के घातलेत तर पेशी नुसती वाढेल.

प्रयोगशाळेतल्या प्रजातींमध्ये आणखी एक मुद्दा येतो. ल्युसिन, हिस्टिडिन, ट्रिप्टोफॅन, युरॅसिल, ॲडेनिन यांपैकी काही स्वतः बनवता न येणारी प्रजाती असेल, तर नेमके तेवढेच पदार्थ ॲसिटेटमध्ये घालावे लागतात, नेहमीच्या प्रमाणाच्या साधारण चौथा भाग. ‘नायट्रोजन नको’ म्हणून हे गाळले तर जुन्या प्रथिनांच्या मोडीतून मिळणारे पुरत नाही आणि पेशी अर्ध्यावर अडकते. बेकरी यीस्टला सहसा याची गरज नसते.

आता पीएच, ज्याकडे फार कमी जण बघतात. पेशी ॲसिटेट आत घेते, जाळते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडते, तो माध्यमात बायकार्बोनेट होऊन साचतो. त्यामुळे माध्यम हळूहळू अल्कधर्मी होत जाते. चांगल्या चाललेल्या फ्लास्कमध्ये पीएच ८.५ ते ९पर्यंत चढतो. ही चढण नुसता परिणाम नाही, ती आवश्यक आहे. अल्कधर्मी पीएचचा निरोप रिम१०१ या प्रथिनाच्या मार्गाने आयएमई१पर्यंत पोहोचतो, आणि पेशींनी सोडलेले बायकार्बोनेट शेजारच्या पेशींनाही अर्धगुणसूत्री विभाजनाकडे ढकलते. म्हणून बीजाणू माध्यमात आम्ल बाजूचा बफर घालू नका. काही बीजाणूपूर्व माध्यमांत पोटॅशियम बायथॅलेटने पीएच ५.५ला धरून ठेवलेला असतो, तो पेशींनी वेळेआधी वाट बदलू नये यासाठी. तो बफर धुऊन न काढता पुढे नेलात तर ॲसिटेटमध्येही पीएच चढत नाही. माझी सवय अशी आहे की पहिल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी फ्लास्कमधला एक थेंब पीएच पट्टीवर टाकायचा. पट्टीचा रंग बदललाच नसेल तर सूक्ष्मदर्शक उघडण्याआधीच कळते की पेशी ॲसिटेट खात नाहीत. मग शंका श्वसनावर किंवा हवेवर घ्यायची.

श्वसन तपासणे सोपे आहे. ग्लुकोजऐवजी ३ टक्के ग्लिसरॉल घातलेल्या प्लेटवर यीस्ट पसरा. वाढले नाही तर तुमच्या पेशींच्या तंतुकणिकांचा डीएनए बिघडलेला आहे, म्हणजे त्या ‘पेटिट’ आहेत. पेटिट पेशी बीजाणू बनवत नाहीत, माध्यम कितीही अचूक असले तरी. वारंवार वायपीडीवर उतरवत राहिलेल्या साठ्यात पेटिट हळूहळू जमतात, कारण ग्लुकोजवर त्यांना कोणी गाळत नाही. म्हणून फ्रीझरमधून काढलेले यीस्ट मी आधी ग्लिसरॉल प्लेटवर घासतो आणि तिथली एकटी वसाहत उचलूनच पुढे जातो.

हवेबाबत नियम सरळ आहे. फ्लास्कच्या आकारमानाच्या दहाव्या भागाइतकेच द्रव ठेवा, १०० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये १० मिलिलिटर. झाकण घट्ट बसवू नका. मिनिटाला २०० फेऱ्यांच्या वर हलवा. पेशींची दाटी मिलिलिटरला २ कोटींच्या आसपास ठेवा आणि ती न्यूबाउर चेंबरमध्ये (पेशी मोजण्याच्या चौकटी आखलेल्या काचपट्टीवर) मोजून घ्या, अंदाजाने नको. फार दाट झाल्या तर ऑक्सिजन आणि ॲसिटेट दोन्ही कमी पडतात. फार विरळ केल्या तर बायकार्बोनेट पुरेसे साचत नाही आणि पीएच चढत नाही. प्लेटवरही हेच: जाड थर लावला की वरच्याच पेशी धरतात, खालच्या गुदमरतात. तापमान २५ ते ३० अंश. आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीचे तापमान ३५च्या वर जाते, तेव्हा ‘खोलीत ठेवा’ असे लिहिलेली कृती तशीच पाळू नका.

ॲसिटेटचे प्रमाण खरोखर कधी महत्त्वाचे ठरते? पिशव्यांत चारऐवजी दोनच बीजाणू दिसू लागले की. विभाजन सुरू झाल्यावर मध्येच कार्बन संपू लागला तर पेशी काम सोडून देत नाही, काटकसर करते. चार केंद्रके तयार होतात, पण त्यांतल्या दोघांभोवतीच भिंत बांधली जाते. ती दोन निवडतानाही पेशी हिशेब ठेवते. दुसऱ्या विभाजनाच्या प्रत्येक तर्कूच्या (गुणसूत्रे दोन बाजूंना ओढणाऱ्या तंतूंच्या जुडीच्या) एकाच टोकाला, जे टोक नुकतेच तयार झाले आहे त्याला, भिंतीचा पडदा उगवतो. त्यामुळे निघालेले दोन बीजाणू सख्ख्या भावंड केंद्रकांचे नसतात. दोन्ही लिंगप्रकार टिकण्याची शक्यता त्यामुळे वाढते. मला हे यीस्टमधले सर्वांत देखणे वर्तन वाटते. दोन बीजाणूंच्या पिशव्या भरपूर असतील तर ॲसिटेट १वरून २ टक्के करा, किंवा त्याहून सोपे म्हणजे पेशींची दाटी निम्मी करा. एसके१साठी पुष्कळ प्रयोगशाळा ०.३ टक्क्यांवरही समाधानी असतात, कारण त्या पेशी विरळ आणि चांगल्या तयार झालेल्या असतात. तुमच्याकडे मात्र दोनही नाहीत आणि चारही नाहीत. म्हणजे तुमची अडचण आधीच्या पायरीवर आहे.

किंवा यीस्टमध्येच आहे, आणि हे स्पष्ट सांगायला हवे. बाजारातले बेकरी यीस्ट पाव लवकर फुगावा म्हणून निवडलेले असते. त्यांतली बरीच द्विगुणित नसून गुणसूत्रांचे चार-चार संच बाळगतात, काहींत एखाद-दुसरे गुणसूत्र कमी-जास्त असते. बीजाणू झालेच तरी कमी होतात आणि रुजतातही कमी. बियरच्या यीस्टची स्थिती याहून वाईट आहे. प्रयोगशाळेतल्या प्रजातींतही जमीन-अस्मानाचा फरक आहे. एसके१ एका दिवसात ९० टक्क्यांहून अधिक धरते, आणि जिच्या जनुकसंचाचे संदर्भ म्हणून वाचन झाले ती एस२८८सी कित्येक दिवसांनीही थोडीच. डॉइशबाउअर आणि डेव्हिस यांनी २००५ साली दाखवले की या फरकाचा मोठा भाग आरएमई१, टीएओ३ आणि एमकेटी१ या तीन जनुकांतल्या एकेका छोट्या बदलामुळे आहे. माध्यम तेच आणि पेशीही एकाच जातीच्या, पण डीएनएतल्या एखाद्या अक्षराच्या फरकाने उपासमारीचा निरोप ऐकण्याचा उंबरठा बदलतो.

त्यामुळे तुलनेसाठी चांगले धरणारे एक ज्ञात द्विगुणित यीस्ट सोबत चालवाच. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत एनसीआयएम हा औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. तिथल्या सूचीत बघून, बीजाणू बनवणारे द्विगुणित हवे असे स्पष्ट लिहून मागवा. एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेली) प्रजाती मागवलीत तर ॲसिटेटवर ती फक्त उपाशी राहील.

कोणी सांगेल की माल्ट एक्स्ट्रॅक्ट अगार वापरा, त्यावर छान धरतात. ते खरे आहे, पण दुसऱ्या यीस्टसाठी. शिझोसॅकरोमायसिस पोम्बे हे विखंडनाने वाढणारे यीस्ट नायट्रोजन संपला की जोडी जमवते आणि लगेच बीजाणू बनवते, त्याला माध्यमात साखर चालते. त्याचे तापमान २५ ते २८ अंश ठेवावे लागते, ३०च्या वर ते मंदावते. त्याच्या बीजाणूंत स्टार्चसारखा पदार्थ असतो, त्यामुळे प्लेट आयोडीनच्या वाफेवर उलटी धरली की धरलेल्या वसाहती गडद तपकिरी होतात. सेरेव्हिसीला ही खूण लागू नाही. एका यीस्टची कृती दुसऱ्याला लावणे हे या विषयात सर्रास घडते, म्हणून कृती वाचताना आधी यीस्टच्या जातीचे पूर्ण नाव बघा.

शेवटी ‘शंकास्पद’ पेशींबद्दल. उपाशी यीस्टमध्ये रिक्तिका आणि मेदाचे थेंब चमकतात आणि बीजाणूसारखे भासतात. खरे बीजाणू एकाच आकाराचे, एकमेकांना चिकटून बसलेले असतात. तीन एका प्रतलात आणि चौथा त्यांच्या वर किंवा खाली, म्हणून सूक्ष्म फोकस हलवल्यावरच चौथा दिसतो. सभोवती जुन्या पेशीची पातळ, सैल भित्तिका दिसते. खात्री हवी असेल तर स्मिअर उष्णतेने पक्का करा, मॅलॅकाइट ग्रीन घालून काही मिनिटे वाफ द्या, धुवा आणि सॅफ्रॅनिनने प्रतिरंग द्या. बीजाणू हिरवे राहतात, बाकीच्या पेशी लाल होतात. मेदाचे थेंब असा हिरवा रंग धरून ठेवत नाहीत. मग पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी किमान दोनशे पेशी मोजा. एक, दोन, तीन आणि चार बीजाणूंच्या पिशव्यांचे रकाने वेगळे ठेवा आणि शेजारच्या रकान्यात त्या दिवशीचा पीएच लिहा.